चाचणीच्या औषधाचा जमाखर्च

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत उगम पावलेल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने रुग्णांवर पारखल्या गेलेल्या ‘नेक्सकार-१९’ या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली, तेव्हा शास्त्रज्ञांचा यथोचित गौरव झाला. परंतु अशा कोणत्याही चाचणीचा भार रुग्णालयाच्या औषधभांडारातील ज्या साहाय्यकावरही असतो, त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली चालणारे त्याचे काम म्हणजे अखंड रुजुवात होय. चाचणीचे औषध नेहमीच्या साठ्यापासून वेगळे, कुलूपबंद ठेवावे लागते. शीतकपाटातील तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या बाहेर गेल्याचे आढळले, तर तो साठा बाजूस काढून, प्रायोजकाचा लेखी निर्णय येईपर्यंत त्यातील एकही कुपी रुग्णापर्यंत जाऊ द्यायची नसते. आलेली, दिलेली, परतलेली प्रत्येक गोळी तारीखवार दप्तरी लागते. रिकामे पाकीटही फेकायचे नसते, कारण उरलेल्या गोळ्यांच्या मोजणीवरूनच रुग्णाने औषध नियमाने घेतले की नाही याचा अदमास बांधता येतो. माझ्या मते चाचणीच्या निष्कर्षाची विश्वासार्हता या नोंदवहीपासूनच सुरू होते.

या व्यवस्थेत रुग्णाचेही हक्क आहेत: औषध-चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झालेल्या सहभागी व्यक्तीस मोफत उपचारांचा आणि भरपाईचा हक्क आहे. आणि नोंदवही अचूक राहावी म्हणून चाचणीत सहभागी असलेल्या वाचकांनी उरलेल्या गोळ्या व रिकामी पाकिटे पुढील भेटीस अवश्य परत न्यावीत.