सुलोचना चव्हाण आणि ध्वनिमुद्रित लावणी

लावणी ही मूलतः केवळ ऐकण्याची कला नव्हे. फडाच्या लावणीत गायन, नृत्य, अदा आणि ढोलकी ही अंगे एकाच वेळी प्रेक्षकांसमोर उभी राहतात. बैठकीच्या लावणीतही गायिकेची अदाकारी शब्दाइतकीच महत्त्वाची असते. ध्वनिमुद्रिका, नभोवाणी आणि बोलपट या साधनांनी लावणीतील स्वर या इतर अंगांपासून वेगळा केला. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांची दीर्घ कारकीर्द हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय.

यवतमाळसारख्या जिल्ह्याचा विचार केला असता या स्थित्यंतराचे महत्त्व ध्यानात येते. ढोलकी-फडाच्या तमाशाची प्रमुख केंद्रे पश्चिम महाराष्ट्रात होती. यवतमाळच्या ग्रामीण भागातील परंपरा दंडार, भजन इत्यादींची. राज्यकारभाराच्या दृष्टीनेही हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता व त्या वर्षी तो मुंबई राज्यात आला. परंतु नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ सालीच सुरू झाले होते आणि ध्वनिमुद्रिकेला तर प्रांताची सीमा नव्हतीच. फड जेथे क्वचितच जाई, तेथेही लावणी पोहोचू शकली ती अशा मार्गांनी. या श्रोत्याला गायिका दिसत नव्हती. नृत्याचे आणि अदेचे सारे कार्य एकट्या आवाजाला पार पाडावे लागत होते.

सुलोचनाबाईंचा जन्म १३ मार्च १९३३ रोजी मुंबईत, कदम कुटुंबात झाला. बालपणी त्यांनी घरच्या मेळ्यात काम केले. शास्त्रोक्त संगीताचे शिक्षण त्यांना लाभले नाही. ध्वनिमुद्रिका ऐकून त्या गाणे शिकल्या. सुलोचना कदम या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन केले आणि ‘ढोलक’ (१९५१) मधील त्यांची गाणी विशेष गाजली. आचार्य अत्रे यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटासाठी त्या लावणी गायल्या. संगीत वसंत देसाई यांचे होते. पुढे दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लावणीतील शब्दफेकीचे मार्गदर्शन आपणास पतीकडूनच मिळाले, असे त्या सांगत.

‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२), ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) आणि ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) या चित्रपटांनी त्यांचे स्थान पक्के केले. जगदीश खेबुडकर आणि ग. दि. माडगूळकर यांची रचना, वसंत पवार यांचे संगीत आणि सुलोचनाबाईंचा आवाज असा योग या चित्रपटांत जुळून आला. त्यांच्या गायनाचे मर्म शब्दोच्चारात आहे. एखाद्या अक्षरावर दिलेला आघात, ओळीच्या शेवटी घेतलेला ठसका आणि ढोलकीच्या बोलाशी साधलेला मेळ यांमुळे न दिसणारी अदा श्रोत्याच्या कानात उभी राहते.

येथेच त्यांच्यापुढील अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते. लावणीतील शृंगार लोकांना हवा होता. पण तो उच्चारणाऱ्या स्त्रीला समाज मान देत नव्हता. सुलोचनाबाई रंगमंचावर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हावभाव न करता, उभ्याने गात. गीतातील नायिका आणि गाणारी स्त्री या दोन भिन्न व्यक्ती आहेत, हे त्यांच्या पेहरावानेच प्रेक्षकांस सांगितले. या अंतरामुळे लावणी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या श्रवणकक्षेत आली. मात्र याची किंमतही त्यांना द्यावी लागली. इतर प्रकारची गाणी गाण्याचे सामर्थ्य असूनही त्यांचे नाव एकाच गीतप्रकाराशी कायमचे जोडले गेले. सुलोचना कदम यांची हिंदी गाणी बहुतांशी विस्मृतीत गेली.

तसेच हे अंतर राखण्याची मुभा सर्वांना नव्हती. त्यांच्याच पिढीतील विठाबाई नारायणगावकर यांची लावणी फडावरची, प्रत्यक्ष देहाने सादर होणारी होती. त्यांना राष्ट्रपती पदक मिळाले. तथापि २००२ साली निधन झाले तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले होते. दोघींच्या कलागुणांची तुलना करणे येथे अप्रस्तुत आहे. समाजाने लावणीचा आवाज घरात घेतला, पण ती नाचणाऱ्या स्त्रीला उंबऱ्याबाहेरच ठेवले, ही गोष्ट मात्र या दोन चरित्रांवरून दिसून येते.

खुद्द सुलोचनाबाईंकडेही मोठे सन्मान उशिराच आले. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार २०१० साली आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २०१२ साठी त्यांना मिळाला. ‘पद्मश्री’ जाहीर झाली ती २०२२ साली, वयाच्या ८९ व्या वर्षात. त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘माझं गाणं, माझं जगणं’ हे त्यांचे आत्मचरित्र उपलब्ध आहे.

लावणीचे संशोधन आजवर मुख्यत्वे संहिता, शाहीर आणि फड यांच्या आधारे झाले. सुलोचनाबाईंच्या कारकिर्दीचा विचार करता ध्वनिमुद्रिका हेही त्या संशोधनाचे एक मूलभूत साधन मानणे आवश्यक ठरते. विशेषतः फडाची परंपरा क्षीण असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यांत लावणी कोणी, कोठे आणि कोणत्या साधनाने ऐकली, याची नोंद त्या काळचे श्रोते हयात आहेत तोवरच होऊ शकेल.