‘पेडने’चे ‘पेडणे’ करताना

माझे घर डिचोलीला आणि आजोळ पेडणे तालुक्यात. गेली काही वर्षे मी जावा भाषेत लिहिलेल्या एका जुन्या वेब प्रणालीची देखभाल करतो. तिच्यातल्या एका अर्जावर तालुक्यांची यादी येते. त्या यादीत ‘पेडणे’ऐवजी ‘पेडने’ असे होते. चूक सगळ्यांना ठाऊक होती, पण ती कोणी सुधारत नव्हते. कारण विचारले, तेव्हा एक जुने सहकारी म्हणाले, “अरे, एका अक्षरासाठी ११ मिनिटे कोण घालवणार?” ही ११ मिनिटे जातात कुठे आणि ती वाचवायची कशी, ते इथे सांगतो.

आपण लिहिलेली जावाची संहिता यंत्राला थेट कळत नाही. प्रथम तिचे बाइटकोडमध्ये रूपांतर होते. त्यासाठी लागणाऱ्या लायब्ररी गोळा कराव्या लागतात. मग चाचण्या चालतात, सगळ्याचे एक गाठोडे बांधले जाते आणि टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर ते सोडून प्रणाली पुन्हा सुरू करावी लागते. या साऱ्या खटाटोपाला ‘बिल्ड’ म्हणतात. आपण त्याला बांधणी म्हणू.

चतुर्थीच्या आधी गणपतीची चित्रशाळा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे सहज कळेल. आधी माती मळायची, मग मूर्ती घडवायची, ती वाळवायची, रंगवायची आणि शेवटी डोळे आखायचे. पितांबराचा रंग बदलायचा म्हणून कोणी मूर्ती मोडून पुन्हा माती मळायला घेत नाही. मात्र हाताची ठेवणच बदलली, तर वाळवण्यापासून पुढचे सगळे पुन्हा करावे लागते. कुठली पायरी कशावर अवलंबून आहे हे ठाऊक असले, की बदलापुरतेच काम करता येते. आमची प्रणाली मात्र प्रत्येक वेळी माती मळण्यापासून सुरुवात करत होती.

हा विचार जुनाच आहे. बेल लॅब्समधले स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ हे साधन लिहिले. मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल, तरच ते पुन्हा रूपांतर करते. त्यामागची हकीकत बोधक आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात सकाळ घालवली होती. चूक सुधारलेली होती, पण ती फाइल पुन्हा रूपांतरित करायची राहून गेली होती. म्हणजे कमी बांधणे जितके उपयोगाचे, तितकेच नको ते गाळणे धोक्याचे.

आम्ही आधी प्रत्येक पायरीला लागणारा वेळ मोजला, मग एकेक सवय बदलली. दर वेळी जुने सगळे पुसून बांधायचे, ते थांबवले. प्रणालीचे विभाग वेगळे केले. बदललेला विभाग आणि त्यावर विसंबलेले विभाग एवढेच बांधायला मेव्हनला सांगता येते. मेव्हन आणलेल्या लायब्ररी आपल्या संगणकावर साठवतो, तरी काहींची नवी आवृत्ती आली का, हे नेटवर जाऊन तपासतो. त्याला ऑफलाइन चालवले, की तेवढा वेळ वाचतो आणि पावसात डिचोलीचे नेट गेले तरी काम अडत नाही. काम चालू असताना गाठोडे न बांधता सर्व्हरला उघडे फोल्डरच दाखवले. त्यामुळे जेएसपी पानातला बदल पान पुन्हा उघडताच दिसू लागला. जावातल्या एखाद्या मेथडच्या आतला मजकूर बदलला, तर डीबगरच्या मदतीने तो चालू प्रणालीतही बदलता येतो. नवी मेथड किंवा नवे फील्ड घातले, तर मात्र सहसा पुन्हा सुरुवात करावी लागते.

आता ‘पेडने’कडे येतो. जुन्या जावात पडद्यावरची लेबले ज्या प्रॉपर्टीज फाइलीत ठेवतात, तिच्यात देवनागरी थेट लिहिता येत नसे. प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहावा लागे. ‘ण’चा क्रमांक ०९२३ आणि ‘न’चा ०९२८. इंग्रजी लेबलातली चूक फाइल उघडताच दिसे. मराठीतली चूक मात्र बांधणी होऊन पडद्यावर अक्षरे उमटेपर्यंत कळत नसे. म्हणजे ११ मिनिटांचा खरा भुर्दंड मराठीलाच पडत होता. २०१७च्या जावा ९पासून अशा फाइली यूटीएफ-८मध्ये वाचल्या जातात आणि देवनागरी थेट लिहिता येते. आमची प्रणाली त्याआधीची. म्हणून लेबलांची फाइल उघड्या फोल्डरात बदलायची आणि जावाने स्मरणात ठेवलेली जुनी लेबले रिकामी करायची, अशी सोय केली. आता लेबल बदलून पडद्यावर पाहायला काही सेकंद पुरतात.

एक पथ्य मात्र आम्ही पाळतो. प्रणाली लोकांच्या हाती देण्यापूर्वी सगळे पुसून, सर्व चाचण्यांसह एकदा पूर्ण बांधणी करायचीच. जॉन्सन यांची सकाळ आम्ही विसरलेलो नाही.

सोय झाली त्या दिवशी आठचे तीन केले आणि ‘पेडणे’ नीट उमटले. त्याच आठवड्यात सहकाऱ्यांनी न सांगता कितीतरी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. चुका त्यांना आधीही दिसत होत्या. दुरुस्ती महाग असली, की जाणतीही माणसे चुकीशी जुळवून घेतात, हे मला त्या आठवड्यात कळले.