परम्याच्या जंतूची परीक्षा

सकाळी साडेआठ. आल्या आल्या इन्क्युबेटर बघायचा: ३६ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. परम्याचा जंतू, नायसेरिया गोनोऱ्हिया, फार नाजूक. कोरड्या स्वॅबवर मरतो, फ्रीजच्या गारव्यातही मरतो. माझ्या रोहिणखेड गावाहून निघालेला नमुना इथं पुण्यात जिवंत पोचेल याचा भरवसा नाही. त्यामुळे गावाकडच्या रुग्णाला लक्षणांवरूनच औषध देतात. जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी असलेल्या सुरक्षा क्लिनिकच्या राखाडी पाकिटात वर्षानुवर्षं अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम देत आलेत. ती औषधं अजून लागू पडतात का, हे आमच्यासारख्या प्रयोगशाळांतल्या प्लेटांवरूनच कळतं.

दहा वाजता कालच्या प्लेटा वाचायच्या. औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ कॅलिपरनं मोजायचं. सेफ्ट्रायॅक्सोनचं वर्तुळ ३५ मिलिमीटर किंवा जास्त असलं, की जंतू औषधाला दबतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कला मात्र जंतू खेटून वाढलेला. एके काळी त्याच्या एका गोळीत काम व्हायचं. ती गोळी आपण गमावली. सेफ्ट्रायॅक्सोन ३५च्या खाली गेलं तर मी लगेच कुणाला कळवत नाही. आधी शेजारची एटीसीसी ४९२२६ या प्रमाणित जंतूची नियंत्रण प्लेट बघते, ओळख पुन्हा पटवते, मग जंतू रोखायला नेमकं किती औषध लागतं ते दाखवणारी ई-टेस्टची पट्टी लावते. जपानात क्योटोला २००९मध्ये सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारा जंतू सापडला होता. म्हणून या मोजणीत मी घाई करत नाही.

बाराला नवं काम. चॉकलेट अगारवरच्या वसाहती ऑक्सिडेजनं जांभळ्या झाल्या, ग्लुकोज पचवलं, माल्टोज नाही, म्हणजे तोच. सलाईनमध्ये ०.५ मॅकफरलंड या मापाइतका गढूळपणा आणून लगेच प्लेटवर पसरायचा, कारण हा जंतू स्वतःच विरघळत जातो.

अडीचला नायट्रोसेफिनची चाचणी. पिवळा रंग लाल झाला, तर जंतूकडे पेनिसिलिन तोडणारं विकर आहे.

पाचला निवडक जंतू उणे ८० अंशांत, वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, आणि अहवाल.

गावाकडच्यांना एवढंच सांगणं: लघवीला जळजळ झाली, पू आला, तर मेडिकलमधून दोन गोळ्या आणून गप्प बसू नका. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा, औषध मोफत मिळतं. जोडीदारालाही न्या, बायकांत कित्येकदा लक्षणं दिसत नाहीत आणि उशीर झाला तर गर्भनलिका बंद होतात.