जुन्या गाडीचे नवे गिअर

ज्या नाशकातील महिंद्राच्या कारखान्यातून बोलेरो बाहेर पडते, तेथेच विलीज-वंशातील जुनी जीप किंवा तिचा मालवाहू भाऊ फॉरवर्ड कंट्रोल जिवापाड जपणारा शौकीन भेटावा, यात नवल नाही. या वाहनांच्या टी-९० गिअरबॉक्सात पुढचे गिअर अवघे ३. पहिल्यास सिंक्रोमेश नसल्यामुळे चालत्या गाडीत तो टाकताना होणारी दातांची कर्कश खरखर टाळण्यासाठी क्लच दोनदा दाबण्याची कला हस्तगत करावी लागे. कसारा घाटात ती कामी येई. सपाट महामार्गावर मात्र इंजिन व्यर्थ आक्रंदत राही. म्हणून ५ गिअरांचा अर्वाचीन गिअरबॉक्स बसवण्याचा मोह होतो.

परंतु हे कलम द्राक्षाच्या खुंटावर डोळा भरण्याइतके सुलभ नव्हे. इनपुट शाफ्टच्या खाचा क्लचप्लेटशी जुळाव्या लागतात, आणि त्याचे टोक फ्लायव्हीलच्या बुशात नेमके बसून इंजिन व गिअरबॉक्स या दोहोंचे अक्ष एका रेषेत यावेत, यासाठी मधली जाड तबकडी लेथवर कातून घ्यावी लागते. तिचा मध्य केसभर चळला, तरी बेअरिंग अकाली झिजते. नवा गिअरबॉक्स लांब असल्यास ट्रान्स्फर केस मागे सरकते, आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड, तर पुढचा लांब करणे क्रमप्राप्त होते. खर्चाचा अंदाज येथेच बहुधा कोसळतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार वर्ज्य असल्याने, पाना उचलण्यापूर्वी आरटीओ कचेरीत रीतसर पृच्छा करावी. उतरवलेला जुना गिअरबॉक्स मात्र भंगारात न देता तेल लावून कोपऱ्यात ठेवावा.