पाठदुखी : दुखणे खरे, पण फक्त मणक्यातले नाही

जिथे कुणाचीच कंबर दुखत नाही अशी घरे आपल्या वस्तीत थोडीच सापडतील. कुणी बिगारी काम करतो, कुणी सफाई खात्यात आहे, कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी दिवसभर रिक्षा चालवतो. उसण भरते, तेल चोळले जाते, शेक घेतला जातो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत माणूस पुन्हा कामाला लागतो. बहुतेकांचे असेच होते. काहींची पाठ मात्र सहा महिने, वर्ष, दोन-दोन वर्षे दुखतच राहते. तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. हा लेख त्या दुखण्याबद्दल आहे.

अशा माणसाच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा असतो. त्यात एक्स-रे असतो, कर्ज काढून केलेला एमआरआय असतो, चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतात. आणि तोंडपाठ झालेले दोन-तीन शब्द असतात : मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे, नस दबली आहे. दुखण्याने जेवढा माणूस खचत नाही, तेवढा या शब्दांनी खचतो. आपला कणा मोडला, आता वाकलो तर संपलो, असे त्याच्या मनात बसते. मग तो लेकराला उचलायचे सोडतो, चालायचे सोडतो, पट्टा बांधून भिंतीला टेकून बसतो.

आता एक गोष्ट नीट वाचा. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांच्या कमरेचे एमआरआय तपासले गेले. यांच्यापैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती. तरी ५२ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली दिसली आणि २७ टक्के लोकांची गादी त्याहून पुढे, बाहेर आलेली होती. ज्यांच्या सगळ्या गाद्या ठाकठीक, असे फक्त ३६ टक्के निघाले. म्हणजे केस पांढरे व्हावेत तशी मणक्यांची झीज होत असते, आणि ती दिसली म्हणून दुखण्याचे कारण सापडलेच असे होत नाही. गादीने नस खरोखर दबते तेव्हा बहुधा कळ पायात उतरते, पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाते. त्यातलेही बरेच रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात.

हे वाचून कुणी दवाखाना मात्र टाळू नये. लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. उद्यावर ढकलायचे नाही. पडून मार लागला असेल, पूर्वी कॅन्सर झाला असेल, किंवा वयस्कर बाईची पाठ अचानक दुखू लागली असेल, तर तपासणी हवीच. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन आणि पाठीत एकाच जागी दुखणे, असे असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. टीबी फुप्फुसाला होतो तसा मणक्यालाही होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते. यातले काही नाही आणि तरी पाठ दुखतेच आहे, अशांसाठी पुढचे.

१९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम मजुराची हकिकत छापून आली होती. उडी मारताना त्याचा पाय १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर पडला आणि खिळा बूट फोडून वर आला. खिळा जरा हलला तरी तो कळवळत होता. गुंगीचे औषध देऊन डॉक्टरांनी खिळा काढला, बूट उतरवला. खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडासुद्धा नव्हता! हा गडी नाटक करत नव्हता. डोळ्यांनी खिळा पाहिला, मेंदूने धोका ओळखला आणि वेदना उभी केली. याच्या उलटे तर आपण रोज पाहतो. कामाच्या घाईत हात कापलेला कळत नाही, रात्री आंघोळीचे पाणी लागले की झोंबतो.

याचा अर्थ एवढाच की इजा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरातल्या नसा खबर पाठवतात, ती किती मोठी करायची हे मज्जारज्जू आणि मेंदू ठरवतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडले की मज्जारज्जूत जणू एक दार आहे. ते कधी जास्त उघडते, कधी कमी, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते हलवू शकतात. पुढे संशोधनाने या विचारात बऱ्याच दुरुस्त्या केल्या, पण वेदनेवर मनःस्थितीचा परिणाम होतो ही गोष्ट टिकली.

दुखणे लांबले की ही सारी व्यवस्था हळवी होते. गल्लीत एखादी मोटारसायकल असते ना, चोरासाठी सायरन बसवलेली, पण मांजर बसले तरी बोंबलते. तसे होते. सुरुवातीची लचक कधीच भरून आलेली असते, पण साधे वाकले तरी सायरन वाजतो. भीतीने माणूस पाठ ताठ धरतो, ताठ धरल्याने स्नायू आखडतात, आखडल्याने आणखी दुखते. रात्री झोप नाही, सकाळी अंग जड, खाडा पडला, हप्ता चुकला, घरात भांडण झाले. यातली प्रत्येक गोष्ट त्या सायरनला बळ देते.

अपमानसुद्धा देतो. अमेरिकेतल्या बोइंग विमान कारखान्यात ३,०२० कामगारांवर काही वर्षे लक्ष ठेवून १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना आपले काम जवळजवळ कधीच आवडत नव्हते, त्यांच्याकडून पाठीच्या तक्रारी येण्याचे प्रमाण काम आवडणाऱ्यांच्या अडीच पट होते. एखादा मालक यावरून म्हणेल, बघा, कामचुकारांचीच पाठ दुखते. मला त्यात वेगळे दिसते. मुकादमाच्या शिव्या खात, हातमोज्यांशिवाय, उद्या काम राहील की नाही या धास्तीत जो दुसऱ्यांची घाण उचलतो, त्याच्या पाठीवर टोपलीशिवायही ओझे असते. ते कुठल्या एक्स-रेत दिसत नाही.

आणि म्हणूनच "हे मनाचे आहे" हे वाक्य जपून वापरावे. आपल्याकडे त्याचा अर्थ लगेच "खोटे आहे" असा होतो. बायकांना तर तो फार ऐकावा लागतो. सून आडवी झाली की नाटके करते, सासू कण्हली की लक्ष वेधते. मेंदूने वाढवलेली वेदना खिळ्यावरच्या मजुराला जेवढी खरी होती तेवढीच त्या बाईलाही खरी असते. सोंग आणि वेदना यांत गल्लत करणारा घरातला माणूस, मग तो कितीही प्रेमळ असो, दुखणे वाढवतो.

विहारात ज्यांनी सल्ल सुत्त ऐकले असेल त्यांना हे ओळखीचे वाटेल. संयुत्त निकायात तथागत दोन बाणांची उपमा देतात. शरीराला लागते तो पहिला बाण. त्यावर शोक, चिडचिड, घाबरणे हा दुसरा. जाणत्या श्रावकालाही पहिला बाण लागतोच, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. शरीर आहे तर दुखेल, हे तिथे नाकारलेले नाही. खुद्द भगवान बुद्धांची पाठ दुखत असे, हे अनेकांना माहीत नसते. कपिलवस्तूत शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर, माझी पाठ दुखते, मी जरा आडवा होतो, असे सांगून त्यांनी पुढचा उपदेश आनंदावर सोपवला. मज्झिम निकायातल्या सेख सुत्तात हे आहे. पावा येथे असेच काम सारिपुत्तावर सोपवल्याचे दीघ निकायात आहे. त्यांनी ते लपवले नाही आणि त्यात कमीपणाही मानला नाही. "पाठ भरली, एवढा हंडा तू घे" हे नवऱ्याला किंवा मुलाला सांगताना आपल्या ताईंना संकोच का वाटावा?

१९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात श्वासावर आणि शरीरावर लक्ष ठेवण्याचा वर्ग सुरू केला. ही पद्धत त्यांनी बौद्ध ध्यानातून घेतली होती, आणि सुरुवातीच्या रुग्णांत जुनाट वेदनेचे अनेक लोक होते. २०१६ साली जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर याची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, या वर्गाला घातलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांची रोजची कामे करण्याची क्षमता चांगली सुधारली होती. विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा दुसरा उपचार होता, त्यात ५८ टक्के, आणि नेहमीचेच उपचार चालू ठेवणाऱ्यांत ४४ टक्के. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. ध्यानाने सगळे रोग जातात असे सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

घरी करायचे तर मांडी घालून बसण्याचा हट्ट नको. खुर्चीवर बसा, नाहीतर उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी घ्या. दहा मिनिटे श्वास येतो-जातो तेवढे पाहा. दुखेल तिथे लक्ष न्या, ते कसे आहे ते बघा : ठणकते, जळते, की ओढ लागते? "आता माझे कसे होणार" हा विचार आला की तो दुसरा बाण, एवढे ओळखून पुन्हा श्वासाकडे या. रोज केले तर काही आठवड्यांत फरक जाणवू शकतो.

त्याच्या जोडीला चालणे. आज पाच मिनिटे, दोन दिवसांनी सात, मग दहा. चालताना थोडे दुखले म्हणजे काही मोडले असे नाही. अंथरुणाला खिळून राहणे हा उपाय नव्हे. साध्या उसणीतसुद्धा दोन दिवस झोपून राहिलेले आणि सात दिवस झोपून राहिलेले सारखेच बरे होतात, हे १९८६ च्या एका चाचणीत दिसले. दोन दिवसवाल्यांचे खाडे मात्र कमी पडले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, माहिती आणि मानसिक उपचार सुचवले, आणि पट्टा व वजन लावून ताणणे नेहमीसाठी नको म्हटले. दुकानातून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर मूत्रपिंड आणि जठर बिघडतात. बिननावाच्या पुड्यांत तर स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. झोप यावी म्हणून घेतलेली दारू पहाटेची झोप मोडते.

मात्र तिसऱ्या मजल्यावर रोज आठ हंडे चढवणाऱ्या बाईला नुसता श्वास बघ म्हणणे हा तिचा अपमान आहे. तिच्यासाठी वर येणारा नळ हाही उपचार आहे, आणि त्याची मागणी वस्तीने मिळून वॉर्ड ऑफिसात केली पाहिजे. नळ येईपर्यंत हंडा अर्धाच भरा, अंगालगत धरा, खेपा घरात वाटून घ्या.

कुणाचे दुखणे महिनोन्‌महिने चालले आहे, कशात मन लागत नाही, रडू येते, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर पाठीच्या डॉक्टरला तेही सांगा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.