शुभेच्छापत्र आपले, शिक्काही आपला



दिवाळी, नाताळ आणि नववर्षाची शुभेच्छापत्रे एके काळी दुकानांत रांगेने मांडलेली असत. वाढदिवसाचे कार्ड मिळे, लग्नाचे मिळे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे कार्ड मागितले तर मात्र बहुतेक ठिकाणी दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राही. जे काही मिळे ते दीक्षाभूमीच्या किंवा चैत्यभूमीच्या परिसरात, पथारीवर, त्या दोन-चार दिवसांत. पुढे मोबाईल आले आणि आता एकच चित्र शंभर जणांकडून येते व शंभर जणांकडे जाते. कोणी कोणाला पाठवले हेही ध्यानात राहत नाही. या दोन्ही अडचणींवर एक साधा आणि स्वस्त उपाय आहे. रबरी शिक्के आणि रंगीत स्केचपेन घेऊन आपली शुभेच्छापत्रे आपणच तयार करणे, हा तो उपाय होय. आमच्या रविवारच्या वर्गात मुले, महिला मंडळाच्या भगिनी आणि आम्ही नोकरदार मंडळी मिळून हे काम करतो. त्याची रीत इतर वस्त्यांतही उपयोगी पडावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

शिक्का कोणी कोणावर मारायचा?

शिक्का उमटला की कागद खरा ठरतो, हे बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज पाहतो. पण माणसावर शिक्का बसला की माणूस खोटा ठरतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. त्यांच्यावर जन्माबरोबर बसलेला शिक्का त्यांनी निवडलेला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्माचा स्वीकार केला आणि तो शिक्का पुसण्याचा मार्ग दाखविला. म्हणून आपल्या हाताने कोरलेला शिक्का आपल्या कागदावर उमटवताना त्यात काय असावे, याचा विचार आपण केला पाहिजे. केवळ फूल-पाखरू काढून ते काम होत नाही.

ठसा उमटविण्याची कला बौद्धांना परकी नाही. सर्व गोष्टी कारणांतून उपजतात, या तथागतांच्या शिकवणुकीची गाथा कोरलेल्या शिक्क्यांचे मातीवरील ठसे नालंदा येथील उत्खननात सापडले आहेत. चीनमधील तुन-हुआंग येथील लेण्यांत मिळालेले, इ. स. ८६८ साली लाकडी ठशांनी छापलेले वज्रच्छेदिका सूत्र हे तारीख असलेले जगातील सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक मानले जाते. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वांग जिए नावाच्या उपासकाने आपल्या आईवडिलांप्रीत्यर्थ ते करवून घेतले आणि सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी दिले, असे त्यावरच नमूद आहे. आपल्या माणसासाठी ठसा उमटवायचा आणि तो मोफत वाटायचा, ही रीत अशी हजार वर्षांहून जुनी आहे.

व्यापारी शुभेच्छापत्र मात्र अलीकडचे. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून नाताळचे कार्ड काढवून घेतले. त्याच्या सुमारे एक हजार प्रती निघाल्या. रेषा छापलेल्या होत्या आणि रंग हाताने भरलेले होते. आपणही नेमके तेच करणार आहोत. रेषा शिक्क्याची आणि रंग हाताचा.

कोणती चिन्हे घ्यावीत?

भारहुत आणि सांची येथील प्राचीन शिल्पांत तथागतांची मूर्ती दिसत नाही. चक्र, बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाऊलखुणा आणि स्तूप यांवरूनच त्यांचे अस्तित्व दाखविलेले आहे. आपल्या कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहांची दर्शनी कमानही पिंपळपानाच्या आकाराची आहे. ही सारी चिन्हे शिक्क्यासाठी जणू तयारच आहेत, कारण त्यांची बाह्यरेषा ठळक असते. स्तूपासाठी खाली जोते, त्यावर अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि वर छत्र, एवढे चार भाग पुरतात. तथागतांचा किंवा बाबासाहेबांचा चेहरा कोरण्याचा मोह मात्र टाळावा. नवख्या हातून एखादी रेषा सरकली तरी मुद्रा बिघडते आणि ते आदराला शोभत नाही. जयंतीच्या पत्रावर उघडे पुस्तक आणि लेखणी पुरेशी बोलकी आहेत.

चक्र काढताना आऱ्या मोजाव्यात. आठ आऱ्यांचे चक्र आर्य अष्टांगिक मार्ग सांगते. चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर स्वीकारले. दहा-बारा आऱ्यांचे चक्र कशाचेच नसते, ते नुसते गाडीचे चाक होते. कागदाचा गोल तीन वेळा बरोबर निम्मा दुमडला की घड्यांवरून आठ आऱ्या मिळतात. चोवीस हवे असतील तर कोनमापक घेऊन दर १५ अंशांवर खूण करावी. मुलांची भूमितीही त्यात होते. सारनाथचे चार सिंह हे राजमुद्रेचे चिन्ह आहे. २००५ च्या कायद्याने त्याच्या गैरवापरास मनाई असल्याने त्याचा शिक्का करू नये.

शिक्का कसा करावा?

सर्वांत लहान मुलांनी भाजीपासून सुरुवात करावी. भेंडीची आडवी चकती पाच पाकळ्यांचे फूल देते. कमळकाकडीच्या चकतीतली छिद्रे गोल मांडलेली असल्याने तिचा ठसा चक्रासारखा दिसतो. बटाटा कापल्यावर त्याचे पाणी फडक्याने टिपून घ्यावे, नाहीतर शाई पसरते.

मोठ्या मुलांसाठी खोडरबर उत्तम. चित्र पातळ ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीने काढावे, तो कागद रबरावर पालथा ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने घासावे. चित्र आपोआप उलटे उमटते. चक्र, पान, स्तूप यांना उलट-सुलट सारखेच, पण अक्षरांना ते लागतेच. ‘जय भीम’ रबरावर सरळ कोरले तर कागदावर ते आरशातल्यासारखे उमटते आणि ‘भी’ची वेलांटी भलत्या बाजूला जाते. कोरताना पाते बाहेरच्या बाजूला तिरपे धरावे, म्हणजे रेषेला खालून आधार राहतो. रेषेच्या खाली पोखरू नये. दोन-तीन मिलिमीटर खोली पुरे. पाते वापरताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे.

बारीक कामाचा शिक्का हवा असेल तर काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर चित्र काढून शिक्के बनविणाऱ्याकडे द्यावे. तालुक्याच्या गावीही असा कारागीर सहसा भेटतो. एकदा करून घेतलेला शिक्का संस्थेला अनेक वर्षे पुरतो. तो उन्हात ठेवू नये. काम झाले की ओल्या फडक्याने पुसावा. त्याला तेल किंवा पेट्रोल लावू नये, रबर खराब होते.

कागद आणि शाई

कागद २०० ते २५० ग्रॅम जाडीचा, पांढरा आणि चकाकी नसलेला घ्यावा. गुळगुळीत चकचकीत कागदावर शाई वाळत नाही, बोट लागले की पुसते. २१ × २९.७ सें.मी.चा ए-४ कागद मधोमध कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येक दुमडला की हाताएवढे एक पत्र होते. म्हणजे पंचवीस कागदांत पन्नास पत्रे. घडी घालण्यापूर्वी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढावी. घडी सरळ बसते, कागद तडकत नाही.

कचेरीतला नेहमीचा स्टॅम्प पॅड साध्या कागदासाठी असतो. त्याच्या ठशावर पाण्याच्या शाईचे स्केचपेन फिरविले की बऱ्याचदा रेषा फुटते आणि रंग मळकट होतो. म्हणून न पुसणाऱ्या काळ्या शाईचा पॅड आणावा. तरीही प्रत्येक नवा पॅड आणि पेन यांची जोडी आधी रद्दी कागदावर तपासावी. ठसा उमटवावा, दहा मिनिटे थांबावे, मग त्यावर पेन फिरवावे. रेषा जागेवर राहिली तर जोडी जमली.

शिक्का पॅडवर हलकेच दोन-तीनदा टेकवावा, दाबून बुडवू नये. कार्डाखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवावी. शिक्का सरळ खाली टेकवावा, डोलवू नये आणि सरळच वर उचलावा. डोलविला की कडेची शाई लागून दुहेरी रेषा येते. पहिला ठसा नेहमी रद्दीवर घ्यावा.

रंग कसे भरावेत?

पंचशील ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे पाच रंग साध्या स्केचपेनच्या डबीतून निघतात. पांढऱ्यासाठी पेन नकोच, कागद कोरा सोडला की झाले. कोलंबो येथे १८८५ साली प्रथम फडकलेला हा ध्वज मुले अशा रीतीने रंग भरता भरता ओळखू लागतात.

फिका रंग आधी, गडद नंतर भरावा. एकाच जागी पेन वारंवार घासले तर कागदाचे बुसके निघतात. स्पिरिटच्या शाईचे मार्कर घेतले तर रंग एकसारखा बसतो, पण तो कागदाच्या मागे उतरतो. तेव्हा खाली रद्दी ठेवावी आणि मजकूर आतल्या उजव्या पानावर लिहावा.

आणखी दोन युक्त्या. पहिली अशी की पॅड न वापरता पाण्याच्या स्केचपेननेच शिक्क्याच्या रबरावर रंग लावावा, त्यावर तोंडाची वाफ सोडावी आणि लगेच ठसा घ्यावा. पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते आणि जून पान हिरवे. टोकाला तांबडा आणि देठाकडे हिरवा लावला की एकाच पानात दोन्ही छटा येतात. दुसरी युक्ती झाकण्याची. एक पान कार्डावर उमटवावे, दुसरे रद्दीवर उमटवून कापावे, कापलेले पान पहिल्यावर ठेवावे आणि शेजारी पुन्हा शिक्का मारावा. झाकण उचलले की एक पान दुसऱ्यामागून डोकावताना दिसते.

मजकूर आणि दिवस

मजकूर चार ओळींचा पुरे, पण नाव हाताने लिहिलेले हवे. आयुष्मान, आयुष्मती हे आपले संबोधन वापरावे. ‘सहकुटुंब सहपरिवार’ एवढ्यावर न थांबता घरातल्या म्हाताऱ्या आजीचे आणि शाळकरी मुलीचे नाव वेगळे लिहावे. त्या दोघींना स्वतःच्या नावाचे पत्र फार क्वचित येते.

१४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन हे शुभेच्छांचे दिवस. ३ जानेवारीच्या सावित्रीमाईंच्या जयंतीला मुलींनी आपल्या शिक्षिकांना पत्र द्यावे. २६ नोव्हेंबरला संविधानाची आठवण करावी. ६ डिसेंबरला मात्र शुभेच्छा नसतात. त्या दिवशी काही पाठवायचेच असेल तर एका रंगातले पिंपळपान आणि ‘विनम्र अभिवादन’ एवढेच असावे.

पन्नास पत्रे कोणाला?

वर सांगितलेल्या कागदाचे एक पत्र सुमारे आठ ग्रॅम भरते. पातळ पाकिटासह ते वीस ग्रॅमच्या आत राहते, त्यामुळे साध्या पत्राचे तिकीट चालते. पिनकोड न विसरता लिहावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. १९५६ साली दहा वर्षांचे असताना आईचे बोट धरून नागपूरला गेलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. अशी माणसे प्रत्येक वस्तीत थोडी उरली आहेत. कोणी मुलाकडे दूरच्या शहरात आहे, कोणी अंथरुणाला खिळले आहे. संस्थेच्या जुन्या वर्गणी वहीतून त्यांची नावे काढावीत आणि पहिली पत्रे त्यांना पाठवावीत. पाकिटात संस्थेच्या पत्त्याचा शिक्का मारलेले, तिकीट लावलेले एक कोरे कार्ड ठेवावे आणि त्यावर विनंती लिहावी: “त्या दिवसाचे जे आठवते ते दोन ओळींत कळवा. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहून घ्या.” नातवंड लिहायला बसले की त्याला ते ऐकावे लागते, हा त्यातला मोठा लाभ. आलेली कार्डे संस्थेने एका वहीत चिकटवून जपावीत. काही वर्षांनी ही माहिती विचारायला कोणी उरणार नाही.

एक रविवार, पंचवीस कागद, दोन खोडरबर, एक पॅड आणि स्केचपेनची एक डबी एवढ्यावर हे काम उभे राहते. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी प्रत्येक वस्तीने निदान पन्नास पत्रे करावीत, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय. जय भीम.