वावरातली यंत्रं (भाग ९) : ट्रॉलीमागचा बिनतारी कॅमेरा

मागच्या भागात ट्रॅक्टरच्या पाठीवरचं सात पिनचं सॉकेट पाहिलं. ट्रॉलीचे लाल दिवे, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर यांचा करंट तिथून जातो, एवढं ध्यानात ठेवून आजचा विषय घेऊ : ट्रॉलीच्या शेवटी बसवायचा बिनतारी कॅमेरा आणि स्टिअरिंगजवळचा त्याचा पडदा.

सोयाबीन निघालं की अमरावती-अकोल्याच्या बाजार समित्यांत आणि दिवाळीनंतर अकोट, दर्यापूरकडच्या जिनिंगांत ट्रॉल्यांची रांग लागते. रांगेत पुढे सरकणं सोपं. कस लागतो तो शेडखाली किंवा गंजीजवळ ट्रॉली मागे लावताना. कापूस जास्त मावावा म्हणून बाजूंना जाळ्या चढवलेल्या असतात. भरलेली ट्रॉली ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर जाते, आणि आरशात बघावं तर कापसाशिवाय काही दिसत नाही. मग एक जण उतरतो आणि मागे उभा राहून ओरडतो, "येऊ दे, येऊ दे भाऊ... बस, बस!" इंजिनाच्या आवाजात ते शेवटचं "बस" ऐकू गेलं नाही तर काय होतं, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. ओरडणारा माणूस नेमका ड्रायव्हरला न दिसणाऱ्या जागेत उभा असतो. त्याला तिथून बाजूला काढणं हे या कॅमेऱ्याचं पहिलं काम.

मोटारींच्या बाबतीत कायद्यानं हा धोका आधीच ओळखला. अमेरिकेत २००२ मध्ये कॅमेरॉन गल्ब्रॅन्सन हा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच, वडील मागे घेत असलेल्या गाडीखाली सापडून गेला. पुढे त्याच्या नावानं कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागे घेताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे झाले. ट्रॅक्टर-ट्रॉली त्या नियमात येत नाही. त्यामुळे कॅमेरा बसवायचा की नाही आणि कसा बसवायचा, हे मालकालाच ठरवावं लागतं.

तारेचा की बिनतारी?

तारेचा कॅमेरा स्वस्त पडतो आणि त्याचं चित्र मधेच तुटत नाही. ज्याचा एकच ट्रॅक्टर आहे आणि ट्रॉली त्याच्यामागून क्वचितच सुटते, त्यानं तारेचाच घ्यावा. पण आपल्याकडे ट्रॉली अशी एका जागी कुठे राहते? सकाळी रोटावेटरसाठी ती सोडायची, दुपारी जोडायची, दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या ट्रॅक्टरमागे द्यायची. दर वेळी चित्राची वायर काढा-घालायची म्हटलं की तिचा नाजूक जोड आधी ढिला होतो, मग मातीनं भरतो आणि शेवटी वळणावर ताण येऊन तुटतो. बिनतारी संचात कॅमेऱ्याचं चित्र हवेतून पडद्यापर्यंत येतं आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीमधला हा जोडच नाहीसा होतो.

बाजारात मिळणाऱ्या या संचांचा मोठा वापर परदेशात मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घरांवर होतो. आपल्या राज्यानंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण वऱ्हाडात मागे ओढलं जाणारं वाहन म्हणजे ट्रॉलीच. त्या घरांची मागची भिंत पक्की असते आणि तिच्या वरच्या कडेला दिव्याची वायर आधीच पोचलेली असते. कॅमेरा त्या दिव्याशेजारी बसवला की काम झालं. आपल्या ट्रॉलीची मागची बाजू म्हणजे उघडणारा फाळका, आणि तिथवर करंट पोचलेला असेलच असं नाही. म्हणून माहितीपत्रकातली बसवण्याची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही.

करंट आणायचा कुठून?

चित्राला वायर लागली नाही तरी कॅमेऱ्याला करंट लागतोच. बिनतारी संच लावूनही कटकट होते ती बहुतेक इथेच.

मोटारीत कॅमेरा रिव्हर्सच्या दिव्याला जोडतात, म्हणजे गिअर टाकताच तो सुरू होतो. ट्रॉलीला तसा दिवा बहुधा नसतो. मागच्या लाल दिव्याला जोडला तर दिवे लावल्यावरच चित्र येईल आणि भरदुपारी मार्केट यार्डात लोक विचारतील, दिवे कशाला लावले? सात पिनच्या सॉकेटमध्ये एखादी पिन मोकळी असेल तर तिच्यावरून स्वतंत्र वायर न्यावी आणि स्टिअरिंगजवळ छोटं बटण द्यावं. ही वायर किल्लीच्या मागून घ्यावी, म्हणजे इंजिन बंद केल्यावर कॅमेरा चालू राहणार नाही. बॅटरी उतरेल ही भीती मात्र फारशी खरी नाही. कॅमेरा साधारण पाव अँपिअर खातो, म्हणजे दहा तासांत अडीच अँपिअर-तास. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा ७५ ते १०० अँपिअर-तासांची असते.

तीन गोष्टी इलेक्ट्रिशियनला सांगून करून घ्याव्यात. पहिली, वायरमध्ये बॅटरीच्या जवळ एक-दोन अँपिअरचा फ्यूज. दुसरी, अर्थ ट्रॉलीच्या सांगाड्यावरून घेऊ नये. हुकाच्या गंजलेल्या, ग्रीस लागलेल्या जोडातून अर्थ नीट मिळत नाही, चित्र लुकलुकतं आणि दोष कॅमेऱ्यावर जातो. निगेटिव्हची वेगळी वायर सॉकेटपासून न्यावी. तिसरी, संच १० ते ३० व्होल्टवर चालणारा घ्यावा. स्टार्टर मारताना बॅटरीचं व्होल्टेज खाली जातं आणि इंजिन चालू असताना ते १४ च्या आसपास असतं. नेमका १२ व्होल्टचा नाजूक पडदा या चढउतारात टिकत नाही.

स्वतःच्या बॅटरीवर चालणारे, चुंबकानं चिकटणारे कॅमेरेही मिळतात. भाड्यानं घेतलेल्या ट्रॉलीला ते बरे. मात्र रोज चार्ज करायची सवय हवी आणि रात्री काढून घरात ठेवायची त्याहून जास्त.

जागा निवडताना

फाळक्यावर कॅमेरा लावू नये. फाळका उघडला की तो खाली लोंबतो आणि पहिल्याच खेपेला आपटतो. टिपिंग ट्रॉलीत दोन जागा उरतात. एक, खालच्या सांगाड्याचा मागचा आडवा पट्टा. जॅकनं वरचा डबा उचलला तरी हा पट्टा हलत नाही, त्यामुळे वायरला ताण येत नाही; पण चाकांचा चिखल आणि ओतलेला माल दोन्ही कॅमेऱ्यावर येतात. दुसरी जागा म्हणजे डब्याच्या मागच्या कोपऱ्याचा वरचा खांब. तिथून जमीन आणि माणसं दोन्ही छान दिसतात. पण वायर बिजागरीजवळून जाते, म्हणून डबा पूर्ण उचलून बघावं आणि तेवढा ढिला वळसा ठेवावा. कापूस आणि सोयाबीन वाहणाऱ्यानं वरची जागा घ्यावी. फक्त लोखंड-सिमेंट वाहणाऱ्याला, वर एखादं पत्र्याचं छप्पर केलं तर, खालची चालेल.

खोक्यावर 'आयपी ६७' लिहिलंय का ते पाहा. त्याचा अर्थ आत धूळ जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही चालेल. सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्यानं धुणाऱ्यांनी 'आयपी ६९ के' पाहावं, कारण जोराच्या गरम फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते.

चित्र हवेतून कसं येतं

हे संच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय खुला आहे. घरातलं वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात गर्दी करतात. या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर. कोरड्या कापसातून त्या पुष्कळशा पार होतात, लोखंडी पत्रा मात्र त्यांना अडवतो. म्हणून कॅमेऱ्याचा अँटेना पत्र्याच्या आड न ठेवता खांबाच्या बाहेरच्या अंगाला, ट्रॅक्टरकडून दिसेल असा लावावा. ट्रॉलीच्या शेपटापासून सीटपर्यंतचं अंतर सहा-सात मीटरच भरतं, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या शंभर मीटरच्या आकड्याला भुलायचं कारण नाही.

जुन्या पद्धतीचे ॲनालॉग संच टाळावेत. यार्डात शेजारच्या ट्रॉलीवर तोच चॅनेल असेल तर तिचं चित्र तुमच्या पडद्यावर येऊ शकतं, आणि मग दुसऱ्याच्या मागची मोकळी जागा बघून तुम्ही आपली ट्रॉली मागे घ्याल. डिजिटल संचात कॅमेरा आणि पडदा यांची जोडी आधी जुळवलेली असते, त्यामुळे ही गल्लत होत नाही.

डिजिटलचा दोष दुसरा आहे : चित्र किंचित उशिरा येतं. हा उशीर ०.२ सेकंद धरा. ताशी ३ किलोमीटरनं मागे येणारी ट्रॉली तेवढ्यात १७ सेंटिमीटर सरकते. मोबाइलवर चित्र दाखवणारे स्वस्त वायफाय कॅमेरे कधी अर्धा सेकंद लावतात, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या वर. भिंत आणि फाळका यांच्यात उभ्या असलेल्या हमालासाठी तेवढं अंतर पुरे होतं. शिवाय सिग्नल तुटला की काही पडदे शेवटचं चित्र तसंच धरून ठेवतात. विकत घेताना दुकानातच कॅमेऱ्यासमोर हात हलवून उशीर पाहावा आणि कॅमेऱ्याची वायर काढून पडदा काळा होतो की गोठतो, तेही पाहावं. गोठणारा घेऊ नये.

उजवं-डावं आणि अंतर

मागचा कॅमेरा आरशासारखं उलटं चित्र देतो, म्हणजे डावीकडचा खांब पडद्यावरही डावीकडेच दिसतो. साधा पाळतीचा कॅमेरा लावला किंवा सेटिंग चुकलं तर बाजू बदलतात. बसवून झाल्यावर एकाला ट्रॉलीच्या डाव्या कोपऱ्यामागे, दूर, उभं करून ही खात्री आधी करावी.

पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा मोटारीच्या उंचीसाठी आखलेल्या असतात, ट्रॉलीला त्या लागू पडत नाहीत. त्या बंद कराव्यात. ट्रॉलीमागे एक, दोन आणि तीन मीटरवर विटा मांडाव्यात आणि पडद्यावर जिथे त्या दिसतील तिथे रंगीत टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवाव्यात. रुंद कोनाच्या भिंगात वस्तू असते त्याहून लांब वाटते, म्हणून डोळ्याच्या अंदाजापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा.

एक गोष्ट हा कॅमेरा दाखवत नाही : ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यातला कोन. दोनचाकी ट्रॉलीचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं, आणि कोन वाढत गेला तर ट्रॉलीचा कोपरा ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला भिडतो. चारचाकी ट्रॉलीला दोन ठिकाणी मोड असतो, तिथे हे आणखी अवघड. त्यासाठी मान वळवून हुकाकडे बघणं सुटत नाही. पडद्यावरच नजर लावून ट्रॉली मागे घेणारा ड्रायव्हर कॅमेरा नसलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

दोन कॅमेऱ्यांचा संच परवडत असेल तर दुसरा ट्रॅक्टरच्या मागे, हुकाकडे तोंड करून लावावा. ट्रॉली जोडताना पिन हातात घेऊन ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे उभं राहायची आपली सवय फार घातक आहे. कडी हुकात बसल्याचं पडद्यावर दिसलं, गिअर न्यूट्रलला आला, हँडब्रेक ओढला, त्यानंतरच पिन टाकायला माणूस मधे जावा.

काळी माती आणि हायवे

पावसाळ्यात पांदणीतून एक खेप झाली की भिंगावर काळी माती बसते. ती साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसावी. डिझेल किंवा रॉकेल लावलं तर प्लास्टिकचं भिंग धुरकट होतं. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे काळं-पांढरं चित्र देतात, पण जिनिंगच्या आवारातल्या धुळीवर त्यांचा प्रकाश परत फिरतो आणि पडदा पांढरा पडतो. तिथे मागे एखादा साधा एलईडी दिवा जास्त उपयोगाचा.

या कॅमेऱ्याच्या भरवशावर हायवेवर ट्रॉली मागे काढू नये. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला. आता त्या रस्त्यावर ताशी ८० नं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. कॅमेऱ्यात नीट दिसतात ते मागचे आठ-दहा मीटर. गाडी पडद्यावर येईपर्यंत वेळ गेलेली असते. धाब्यावरून किंवा पंपावरून निघताना ट्रॉली पुढच्या तोंडानंच रस्त्यावर आणावी, त्यासाठी आत फेरी मारावी लागली तरी चालेल.

यातूनच खर्चाचा क्रम ठरतो. ज्या ट्रॉलीला मागे लाल दिवे चालू नाहीत आणि रिफ्लेक्टर नाहीत, तिच्यावर कॅमेऱ्याचा एक रुपयाही खर्च करू नये. रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून आदळणाऱ्या दुचाकीवाल्याला कॅमेरा वाचवत नाही, दीडशे-दोनशे रुपयांची लाल पट्टी वाचवते. आधी रिफ्लेक्टर, मग सात पिनचं सॉकेट आणि दिवे, आणि ते झाल्यावर कॅमेरा. या हंगामाची पहिली ट्रॉली भरण्याआधी निदान पहिली दोन कामं उरकून घ्या.

पुढच्या आठवड्यात : पीटीओच्या फिरत्या शाफ्टवरचं कव्हर, आणि ते काढून ठेवण्याची किंमत.